पडद्यावरचे कपडे पुन्हा शिवताना : वेंगुर्ल्यातल्या कामाच्या नोंदी

७ जून

चित्रपटांतल्या कपड्यांच्या प्रदर्शनासाठी वाचनालयाचा हॉल दसऱ्यानंतर आठवडाभर मिळणार हे नक्की झालं. खर्चाला बारा हजार मंजूर झालेत. चित्रपटांची पोस्टरं लावायची नाहीत, कपडे शिवून मांडायचे आणि लोकांना हात लावून बघू द्यायचे, एवढं ठरवून कामाला सुरुवात केली. कपडे चार : गाठीच्या चोळीवरची नऊवारी, फुग्याच्या बाह्यांचं पोलकं, १९६८ सालची चेनवाली साडी आणि १९७३चा गाठ मारलेला ठिपक्यांचा ब्लाऊज.

प्रत्येक कपड्यापुढच्या कार्डावर तीन काळ लिहायचे. गोष्ट कुठल्या काळातली, चित्रपट कधीचा, आणि तो कपडा आपल्या गावात कधी दिसू लागला किंवा कधी दिसेनासा झाला. वाचनालयाची समिती म्हणाली, एक साल पुरे. मी 'आम्रपाली'चं उदाहरण दिलं. चित्रपट १९६६चा. गोष्ट बुद्धाच्या काळातल्या वैशालीची. वेशभूषाकार भानू अथैयांनी कपडे बेतले ते अजिंठ्याची चित्रं पाहून, आणि तिथली बरीचशी चित्रं बुद्धानंतर सुमारे हजार वर्षांनी काढलेली आहेत. शिवाय ते कपडे अंगावर बसतात ते १९६६च्या शिवणीने. एकाच पोशाखात तीन काळ आहेत. नुसतं 'प्राचीन भारत' लिहून मोकळं झालं तर बघणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

'श्यामची आई'चंही तेच. गोष्ट विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, पालगडची, म्हणजे आपल्या कोकणातलीच. चित्रपट १९५३चा. तिसरं साल मात्र कुठल्या पुस्तकात मिळणार नाही. घरोघरच्या आज्यांना विचारावं लागेल, की नऊवारी कधी सुटली.

१५ जून

आठवडा पडद्यासमोर गेला. दृश्य थांबवून मोजमाप काढायची एक रीत जमली, ती इथे देते. नटीचा चेहरा हनुवटीपासून केस सुरू होतात तिथपर्यंत साधारण १८ सेंटीमीटर धरायचा. त्या मापाने बाहीची लांबी, काठाची रुंदी, गळ्याची खोली मोजायची. चेहरा आणि कपडा कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर असलेलं दृश्य निवडायचं, नाहीतर हात पुढे आला की बाही दीड इंच मोठी निघते. उभं असलेलं, समोरून घेतलेलं दृश्य सगळ्यात भरवशाचं. नाचातलं एकही माप धरू नका.

रंगाच्या बाबतीत मोबाईलवर विश्वास ठेवता येत नाही. ईस्टमनकलरच्या जुन्या प्रिंटमधला निळसर रंग आधी उडतो आणि सगळ्या चित्रावर लाली चढते. एकाच गाण्याच्या दोन प्रतींत तीच साडी एकीकडे पिवळसर केशरी दिसते, दुसरीकडे विटकरी. मी शेजारच्या वस्तू बघून ठरवते. पांढरा शर्ट, पांढरी भिंत, दात. ते गुलाबी दिसत असतील तर साडीतलीही तेवढी लाली वजा करायची. कृष्णधवल चित्रपटाला मागाहून रंग भरलेली प्रत तर बघूच नका. तो रंग आजच्या माणसाने निवडलेला असतो.

२९ जून

चोळीला हात घातला. आधी मांजरपाटाची कच्ची चोळी शिवली, मगच खणाला कात्री लावली. खणाचा पन्हा अरुंद असतो. जुनी चोळी त्या पन्ह्यातच बसवलेली असते, म्हणून तिला टक्स नाहीत. आजच्या ब्लाऊजला आपण टक्स घालून कापडाला गोलाई देतो. चोळीत तीच गोलाई तुकड्यांच्या जोडातून येते. काखेत चौकोनी तुकडा बसतो, त्यामुळे हात वर केला तरी चोळी वर चढत नाही. आजच्या कुठल्याही ब्लाऊजमध्ये हात वर करून बघा.

पहिली कच्ची चोळी छातीवर ताणली गेली आणि पाठीला सैल पडली. कारण शोधताना लक्षात आलं की काखेचा तुकडा सरळ धाग्यावर कापला होता. तो उरेब, म्हणजे तिरक्या धाग्यावर, लावल्यावर ताण गेला. हे चित्रपट बघून कळण्यासारखं नव्हतं, कारण काख पडद्यावर जवळजवळ दिसतच नाही. पलीकडच्या वाडीतल्या काकींनी सासूची चोळी ट्रंकेतून काढून दिली, ती उलटी करून पाहिली तेव्हा उलगडलं.

ही चोळी मूकपटांच्या काळाची खूण म्हणून मांडते आहे. १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले ते अण्णा साळुंके, पुरुषच. आमच्याकडे कुणाला त्याचं नवल वाटायचं कारण नाही. दशावतारात स्त्रीपार्टी करणारे काका चार घरं पलीकडे राहतात. त्यांना नऊवारी नेसवायला बोलावलं. नेसता नेसता म्हणाले, "कमरेक घट्ट व्हयी, नायतर नाचताना सुटतली." आणि कमरेला साडीच्या आत सुतळी बांधून दाखवली. पुरुषाची कंबर सरळ असते, निऱ्या नुसत्या खोचल्या तर रात्रभराच्या नाटकात घसरतात. पडद्यावर तारामती बघताना माझी नजर आता आधी कमरेवर जाते.

६ जुलै

रंगाचा एक प्रयोग, कुणालाही घरी करता येईल. मूकपटांच्या काळातली फिल्म लाल रंग ओळखत नसे. लाल काळं उमटायचं, निळं जवळजवळ पांढरं. मोबाईलमध्ये 'मोनो', म्हणजे कृष्णधवल, लावून हे कळत नाही, कारण मोबाईल तिन्ही रंग धरतो. नाटकाच्या लाईटवाल्याकडून निळसर हिरव्या जिलेटिनचा, म्हणजे दिव्यापुढे लावतात त्या रंगीत पारदर्शक कागदाचा, तुकडा आणला, कॅमेऱ्यापुढे धरला आणि मग मोनोमध्ये फोटो घेतला. लाल लुगडं काळं झालं. त्यावरचा हिरवा काठ उठून दिसू लागला. डोळ्यांना लाल आणि गर्द निळा दोन्ही सारखेच भारी वाटतात, फोटोत एक रात्र आणि एक दिवस. कपाळावरचं कुंकू तर काळाकुट्ट ठिपका.

म्हणून मूकपटातली साडी काळी दिसली की ती काळी होती असं धरून चालू नका. सवाष्णीच्या अंगावर ती बहुतेक लाल असणार. हे दोन फोटो शेजारी शेजारी लावणार.

१३ जुलै

बेळगावहून येणारं लुगड्याचं पार्सल घाट बंद असल्याने अडकलं. तोवर हाताशी असलेलं काम केलं. हूक सगळे गंजलेत. पावडरच्या डब्यात ठेवलेले तेवढे वाचले. यापुढे हूक, सुया, टाचण्या तांदळाच्या डब्यात. खारी हवा पितळेलाही सोडत नाही, आणि मशीन चार दिवस झाकून ठेवलं तर शटल जड होतं. रोज संध्याकाळी दोन थेंब तेल आणि रिकामं फिरवणं, हे पावसाळ्यात टाळू नये.

२० जुलै

पोलक्याच्या बाह्या बसल्या. अक्षरशः खाली बसल्या. १९३०-४०च्या दशकातली फुग्याची बाही खळीच्या जोरावर उभी राहायची. मी पॉपलीनला पेजेची घट्ट खळ दिली, इस्त्री केली, फुगा छान उभा राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ओल्या पापडासारखा लोळत होता. हवेतच एवढी ओल की खळ टिकत नाही. चौथ्या दिवशी आतून बुरशीचे ठिपके. कापड धुऊन काढलं तरी ठिपके पूर्ण गेले नाहीत, ती बाही फेकली.

उपाय : खळ नकोच. बाहीच्या माथ्याला आतून ऑर्गंडीची चुणीदार पट्टी लावली, दोन इंच रुंद. बाहीला चुण्या खांद्यावर जास्त आणि काखेत अजिबात नाहीत. काखेतही चुण्या घातल्या तर हात फुगलेला दिसतो, खांदा उठत नाही. ऑर्गंडी दमट हवेतही उभी राहते.

हे शिवताना एक विचार मनात आला. पुण्या-कोल्हापुरात चालणारी खळीची बाही आपल्याकडे भर पावसात कोण घालत असेल? आज्यांना विचारायच्या यादीत हा प्रश्न घातला. दोघींनी एकच उत्तर दिलं : फुग्याचं पोलकं दिवाळी ते शिमगा, पावसात साधी बाही. फॅशनलाही हंगाम असतो, हे कार्डावर लिहायचंय.

३ ऑगस्ट

ठिपक्यांचा ब्लाऊज एका दुपारी झाला. 'बॉबी'तला, १९७३. पुढे दोन शेपट्या, पोटावर गाठ, कॉलर. सोपं काम. शेपट्यांना अस्तर लावू नका, गाठ जाड होते.

१० ऑगस्ट

पुतळ्यांचा प्रश्न. दुकानातले पुतळे परवडत नाहीत आणि त्यांची अंगकाठी आजची, चोळी त्यांच्यावर बसत नाही. गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, कागदाच्या लगद्याची धडं करून घ्यायचा विचार होता, पण ऑगस्टमध्ये तिथे श्वास घ्यायला वेळ नाही, आणि लगदा वाळणार कधी?

मग कापडी धड शिवून त्यात काथ्या भरला. काथ्या इथे ढिगाने मिळतो, आकार छान धरतो. धडावर फिकट पोलकं चढवून ठेवलं. पाच-सहा दिवसांत पाठीवर चहा सांडल्यासारखे डाग. काथ्या ओल धरतो आणि त्याचा तांबूस रंग बाहेर सोडतो. मधे प्लॅस्टिक घालून पाहिलं तर आत पाणी सुटलं. काथ्या काढून टाकला. आता जुन्या गाद्यांचा कापूस पिंजून, उन्हाची तिरीप मिळाली त्या दिवशी तापवून, घट्ट भरलाय. वरून मांजरपाटाचं दुहेरी आवरण. डागाळलेली पाठ उसवून नवी लावली. खालचे लोखंडी स्टँड वेल्डिंगवाल्याकडून करून घेतले आणि त्यांना रंगाचे दोन हात मारले, नाहीतर तांबेरा कपड्याला लागेल.

गणपतीच्या आधीची गिऱ्हाइकांची शिवणं डोक्यावर आहेत. हे काम आता सप्टेंबरात.

९ सप्टेंबर

चेनवाली साडी. सगळ्यात जास्त वेळ, कापड आणि झोप हिने घेतली.

'ब्रह्मचारी', १९६८, मुमताजची केशरी साडी. भानू अथैयांनी बेतलेली. बाई कोल्हापूरच्या, जे. जे.मध्ये चित्रकला शिकलेल्या, आधी मासिकांसाठी फॅशनची चित्रं काढायच्या. पुढे 'गांधी'साठी त्यांना ऑस्कर मिळालं, १९८३ मध्ये, भारतातलं पहिलं. ही साडी नेसायची नाही, घालायची. बाजूला चेन. अंगाभोवती पट्टे फिरल्यासारखे दिसतात, सोनेरी काठ वर चढत जातो, आणि जोरात नाचूनही काही सुटत नाही.

पहिली रीत : परकर सपाट पसरून त्यावर सॅटिनचे सरळ पट्टे मशीनवर टिपले. अंगावर चढवल्यावर पट्टे कमरेखाली उघडले, पोटावर झोळ आला. सरळ धाग्याचं कापड गोलाईला चिकटत नाही. दुसऱ्या खेपेला पट्टे उरेब कापले. उरेब कापायला कापड जवळजवळ दीडपट लागतं हे खर्चात धरा. कापल्यावर पट्टे रात्रभर टांगून ठेवले. ते खाली ओढले जातात, कडा वेड्यावाकड्या होतात, मग सकाळी छाटायच्या. न टांगता शिवले तर हेच ओढणं साडी झाल्यावर होतं.

सॅटिन कात्रीखालून आणि मशीनच्या पायाखालून सटकतं. खाली वर्तमानपत्र ठेवून कागदासकट शिवायचं आणि मग कागद फाडून काढायचा. सुई ११ नंबरची, नवी. १४ नंबरने धागे ओढले गेले आणि शिवणीच्या बाजूने सुरकुत्या पडल्या.

१६ सप्टेंबर

पट्टे आता भाचीच्या अंगावरच लावले. आधी टाचण्या, मग कच्चे टाके, शेवटी हातशिलाई. ती बिचारी दोन तास उभी होती. मशीनचा टाका वरून कुठेही दिसत नाही, आणि पडद्यावरही दिसत नाही, त्याचं कारण हेच असावं असं मला वाटतं.

मग तिला पायरी चढायला सांगितलं आणि गुडघ्यामागची शीव टरकन उसवली. पडद्यावर मुमताज तशीच घट्ट साडी घालून नाचते, म्हणजे पायाला जागा कुठेतरी आहेच. गाणं हळू करून पुन्हा पुन्हा पाहिलं, तरी ती जागा नजरेला पडली नाही. मी मागच्या शिवणीत गुडघ्यापासून खाली कळी, म्हणजे त्रिकोणी जोडतुकडा, घातली आणि तिच्यावरून शेवटचा पट्टा सैल सोडला. उभं राहिलं की कळी मिटते, पाऊल टाकलं की उघडते. भाची पायरी चढली, बसली, फिरली. टिकलं.

चेन आधी धातूची लावली होती. तिच्या दातांवर पांढरी पूड आली आणि अर्ध्यावर अडकली. आता नायलॉनची, १२ इंची, डाव्या बाजूला, वर एक हूक. चेन लावायला मशीनचा एका बाजूचा पाय वापरा. साध्या पायाने टाका दातांपासून लांब पडतो आणि चेनपाशी साडी फुगते.

दशावतारवाले काका बघायला आले होते. कमरपट्टी आतून हाताने चाचपली, दोन बोटं आत घालून बघितली आणि म्हणाले की अर्धा इंच अजून आवळ. आवळला. त्यानंतर पट्टे खाली उतरले नाहीत. आता बाजारात लग्नासाठी शिवलेली नऊवारी मिळते, इलॅस्टिक आणि चेनवाली. ती या साडीशेजारीच मांडणार आहे. नाचणाऱ्या बाईची गरज दोन्हीकडे तीच आहे.

२३ सप्टेंबर

तिसऱ्या सालासाठी घरोघर फिरणं चालू आहे. फोटोंनी फार मदत केली. स्टुडिओतल्या फोटोच्या मागे बहुतेक वेळा तारीख असते. एका फोटोत कपाळावर झुलपं घेतलेली कॉलेजातली मुलगी आहे, साधना कट. नटी साधनाची ही झुलपं गाजली तो 'लव्ह इन सिमला' १९६०चा, फोटोच्या मागे १९६४. मुंबईहून वेंगुर्ल्यात यायला चार वर्षं. एक फोटो म्हणजे सगळं गाव नव्हे, म्हणून कार्डावर 'या घरात' असं लिहिते.

आज मिळालेली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे निवृत्त शिक्षिकेचा एक ब्लाऊज. जांभळ्या रंगाचं सुती कापड. वरून बघितला तर दंडाच्या मध्यापर्यंतची साधी बाही. उलटा केला तर बाहीची घडी आत तशीच दुमडलेली, जवळजवळ तीन इंच, आणि त्या घडीत मूळचा गर्द जांभळा रंग. बाहेरचं कापड विटून राखाडी झालंय. घडीच्या टोकाला जुन्या हातशिलाईची भोकं, म्हणजे बाही एकेकाळी कोपरापर्यंत होती. शिवणीला दोन्ही बाजूंना भरपूर माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जादा कापड, सोडलेली आणि तिच्यावर उसवलेल्या टाक्यांच्या दोन ओळी. एकदा सैल केला, मग पुन्हा सैल केला. बाई म्हणाल्या, कोपरापर्यंतची बाही नोकरीला लागताना शिवली, आणि आखूड केली ती शाळेतल्या सगळ्याजणी आखूड घालायला लागल्या तेव्हा. कुठली नटी बघून नाही. शेजारच्या वर्गावरच्या बाईंचा बघून.

कापून टाकली असती तर बाही परत लांब करता आली नसती, म्हणून दुमडली, असंही त्या म्हणाल्या. ब्लाऊज प्रदर्शनात उलटाच मांडायचा ठरलं. त्यांनी आनंदाने दिला, फक्त इस्त्री करू नको म्हणाल्या. घडी मोडेल.

५ ऑक्टोबर

मांडणी झाली. हिशेब असा. खण ३००, लुगडं १४००, मांजरपाट आणि पॉपलीन ९००, सॅटिन व सोनेरी लेस २१५०, चेन-हूक १८०, ऑर्गंडी १२०, ठिपक्यांचं कापड २६०, वाया गेलेला काथ्या ४००, कापूस पिंजून घेणं व आवरणं ११००, स्टँड २४००, कार्डं ६५०, पार्सलं ५४०. एकूण १०,४०० रुपये. शिलाई धरलेली नाही. बाहेरून शिवून घ्यायचं असेल तर चेनवाल्या साडीसाठी निदान ३००० वेगळे ठेवा, आणि गणपतीच्या महिन्यात कुणी घेणार नाही हेही धरा.

११ ऑक्टोबर

आठवडा संपला. चोळीपुढे बायका सगळ्यात जास्त थांबल्या, हात वर करून स्वतःचा ब्लाऊज ओढून बघत. शाळकरी मुलं जिलेटिनचा तुकडा हातात घेऊन एकमेकांचे फोटो काढत होती, त्या कोपऱ्यात गर्दी हटली नाही. एका आजीने नऊवारीच्या कार्डावरचं साल खोडायला लावलं. त्यांच्या वाडीत पाचवारी आली ती त्यांची सून लग्न होऊन आली तेव्हा, आम्ही लिहिलं होतं त्याच्या बऱ्याच नंतर. कार्डावर दोन्ही सालं लिहिली.

ज्यांना हेच आपल्या गावात करायचंय त्यांनी चोळीचा आणि चेनवाल्या साडीचा कागदी बेत माझ्याकडून न्यावा. मापं छाती ३४, कंबर २८ची आहेत, वाढवायची असतील तर काखेचा तुकडा आधी वाढवा, पाठ नंतर. काम पावसाआधी, मार्चमध्ये सुरू करा. खळ, काथ्या आणि धातूची चेन किनाऱ्यावर वापरू नका. कपडे पुढच्या महिन्यात कुडाळला एका शाळेत जाणार आहेत, तोवर सॅटिन घडी न घालता गुंडाळून, कडुलिंबाचा पाला घालून ठेवलंय. शिक्षिकेचा ब्लाऊज उद्या परत करायचा आहे. कुडाळला त्याच्या जागी त्या गावातलाच कुणाचा तरी लागेल, आणि तो शोधायचं काम शाळेतल्या मुलींनी अंगावर घेतलंय.